ताट वेगळं झालं ते चुकीच्या लेकराचं

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी दर गुरुवारी त्वचारोगाची ओपीडी घेते. फेब्रुवारी 2025 मधला गुरुवार होता. हरभरा सोंगायला आला होता, त्यामुळे गर्दी बेताची. दुपारी दीडच्या सुमाराला एक बाई आत आल्या. पुढे 14 वर्षांची मुलगी, ओढणी कपाळापर्यंत ओढलेली. मागे 8 वर्षांचा मुलगा, डोक्यात निळी लोकरी टोपी. बाईंनी बसायच्या आधीच सांगून टाकलं.

"म्याडम, इले चाई लागली. तीन जागी. बुलडाण्याचा रोग त नाई ना हा?"

चाई म्हणजे डोक्यावर केस जाऊन पडणारा गोल चट्टा. आणि बुलढाण्याचा तो प्रश्न त्या दोन महिन्यांत मी रोज ऐकत होते. जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस झपाट्याने गळाले. डोकं खाजायचं आणि तीन-चार दिवसांत केस हातात यायचे. टीव्हीवर रोज टकलं दिसत होती. आधी पाण्यावर संशय गेला, पुढे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियम या खनिजाकडे बोट दाखवलं. त्या बातमीनं अख्ख्या विदर्भात ज्याच्या-त्याच्या घरात गव्हाचं पोतं संशयाचं झालं. या बाईंनीही रेशनचा गहू शेजारणीला देऊन टाकला होता आणि घरात नुसती ज्वारी चालू होती.

मुलीचं आणखी काय काय झालं होतं ते हळूहळू कळलं. काकूनं वेणी घालताना मागचा चट्टा पाहिला तो संक्रांतीनंतर. दुसऱ्या दिवसापासून तिची फणी वेगळी, उशी वेगळी, मग ताट-वाटीही वेगळी. तीन आठवड्यांपासून शाळा बंद. नववीतली मुलगी. रात्री एकटी सपरीत झोपायची, बाकीचे सगळे आत.

"आन् याच्या डोक्याले काय झालं?" मी मुलाकडे पाहून विचारलं.

"त्याचं काही नाई. त्याले गळू झालं होतं, ते फोडून आणलं. पट्टी कराची आहे."

हे प्रकरण मी लिहून काढते आहे ते या उत्तरासाठी. नावं, गाव, ओळखीच्या खुणा काढल्या आहेत. आईला विचारून लिहिते आहे.

आधी मुलगी

ओढणी काढायला तिनं बराच वेळ घेतला. तीन चट्टे होते. एक मागे, मानेच्या वर, रुपयाच्या नाण्याएवढा. दुसरा उजव्या कानामागे, तिसरा भांगाजवळ अगदी लहान. कातडी गुळगुळीत, नेहमीच्या रंगाची, थोडी चमकणारी. कोंडा नाही, खपली नाही, खाज नाही. मागच्या चट्ट्याच्या कडेला मात्र दोन डाग होते, भाजल्यासारखे, तपकिरी.

"लसूण घासला होता. फोड आले म्हून बंद केला," आई म्हणाली.

दहापट मोठं दाखवणारं भिंग चट्ट्याच्या कडेवर धरलं. जे शोधत होते ते लगेच दिसलं. अर्ध्या बोटापेक्षाही आखूड केस, टोकाला जाड आणि मुळाकडे बारीक होत गेलेले, अगदी उद्गारचिन्हासारखे. चिमटीत धरून हलकं ओढलं तर सुटून आले. मग मी तिचे हात समोर घेतले. नखांवर शिवणाऱ्या बाईच्या अंगुस्तानावर असतात तसे बारीक खड्डे होते. ते आईच्या कधी लक्षात आले नव्हते. कोणाच्या येत नाहीत.

याला आम्ही अलोपेशिया अरेटा म्हणतो. आयुर्वेदात इंद्रलुप्त म्हणतात, आणि विदर्भात, मराठवाड्यात, जवळपास साऱ्या महाराष्ट्रात याचं नाव आहे चाई. कोणी म्हणतं किड्यानं केस चरले. असा कोणताही किडा नाही. शरीराच्या संरक्षणासाठी असलेल्या पांढऱ्या पेशी केसाच्या मुळाभोवती गोळा होतात आणि परकं समजून त्यावरच हल्ला करतात. मूळ मरत नाही, फक्त काम थांबवतं. म्हणून केस परत येऊ शकतात आणि म्हणूनच कातडी इतकी स्वच्छ दिसते. साधारण शंभरातल्या दोघांना आयुष्यात कधी तरी हा चट्टा पडतो. घरात थायरॉईडचा त्रास असेल तर शक्यता थोडी वाढते. मुलीच्या आत्याला थायरॉईड होतं. म्हणून मुलीचीही थायरॉईडची तपासणी करून घेतली, ती नॉर्मल आली.

हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. फणीनं नाही, उशीनं नाही, ताटानं तर मुळीच नाही. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती मुलीकडे न पाहता माझ्या टेबलाकडे पाहत राहिली.

मग टोपी

मुलगा टोपी काढू देईना. आईनं ओढली तेव्हा आतली पट्टी टोपीला चिकटून आली आणि पोरगं किंचाळलं.

शेंडीच्या जागी अर्ध्या लिंबाएवढा उंचवटा होता. लालसर, ओलसर, पिवळ्या खपल्यांचा. मधोमध चिरा दिल्याची खूण. बोटानं दाबलं तर पिकलेल्या पेरूसारखं मऊ लागलं, आणि पू एका तोंडातून नाही, पाच-सहा बारीक भोकांतून वर आला. उंचवट्यावरचे केस चिमट्यानं उचलले तर सहज निघाले, मुलाला कळलंसुद्धा नाही. मानेच्या मागे दोन्ही बाजूंना हरभऱ्याएवढ्या गाठी.

साध्या गळवात असं होत नाही. गळू ठणकतं, कडक असतं, त्याला एक तोंड असतं आणि त्यावरचे केस घट्ट असतात, ओढले तर माणूस हात झटकतो. इथे केस स्वतःहून सुटत होते, कारण रोग केसातच होता. उंचवट्याच्या बाजूला नीट पाहिलं तर आणखी एक चट्टा दिसला जो आईनं पाहिलाच नव्हता. केस कातडीलगतच तुटलेले, मिरपूड शिंपडल्यासारखे काळे ठिपके, आणि वर पातळ राखाडी कोंडा.

दोन तुटके केस काढून काचपट्टीवर ठेवले, वर 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि आईला वीस मिनिटं बाहेर बसायला सांगितलं. मायक्रोस्कोपखाली केसाची नळी बुरशीच्या गोल बीजाणूंनी ठासून भरलेली होती, पोत्यात साबुदाणा भरावा तशी. बाहेर काही नाही, सगळं आत. म्हणून तर केस पोकळ बांबूसारखा ठिसूळ होऊन कातडीपाशीच तुटतो.

डोक्याचा गजकर्ण. आमच्या भाषेत टिनिया कॅपिटिस. त्याचा हा पिकलेला प्रकार, केरियन. नमुना मेडिकल कॉलेजला पाठवला आणि साडेतीन आठवड्यांनी बुरशीचं नाव आलं: ट्रायकोफायटॉन व्हायोलेसियम. काचेच्या नळीत तिची वाढ जांभळी दिसते, नावही त्यावरूनच पडलं. भारतात मुलांच्या डोक्यातल्या गजकर्णाचं सर्वांत नेहमीचं कारण हीच बुरशी. ती जनावरातून येत नाही, माणसाकडून माणसाकडे जाते. मी तरी गोठ्याची चौकशी केली, कारण वासराच्या तोंडावरच्या खपल्यांतूनही पोरांना असंच पिकलेलं गजकर्ण होतं. वासराचं तोंड स्वच्छ होतं.

आता दोन्ही लेकरं शेजारी उभी करून पाहा. मुलीचा आजार कोणालाच लागणारा नव्हता, तिला सपरीत झोपवलं होतं. मुलाचा आजार फणीतून, टोपीतून, उशीतून, न्हाव्याच्या मशीनमधून पसरणारा होता, तो आजीच्या कुशीत झोपत होता आणि रोज तिसरीच्या वर्गात जात होता. तीच निळी टोपी शाळेत मित्रांनी फिरवून घातली होती, हे त्यानंच सांगितलं, मोठ्या कौतुकानं.

हे आईचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तिच्याकडे दोन नावं होती. "चाई" या नावाला गावात भीती चिकटलेली आहे, "गळू" हे नाव निरुपद्रवी आहे. नाव ठरलं की डोकं पाहायचं थांबतं. ज्यांनी चिरा दिला त्यांचंही तेच झालं. पू दिसला, गळू म्हटलं, चिरलं, पाच दिवस अँटिबायोटिकची इंजेक्शनं दिली. केरियनमध्ये पू असतो तो बुरशीशी भांडणाऱ्या शरीराचा. चिरून बुरशी निघत नाही, उलट जखमेचा व्रण राहतो आणि त्या व्रणावर पुढे केस उगवत नाहीत. एखादा केस उपटून काचपट्टीवर ठेवला असता तर एवढं झालं नसतं. याचा मला आजही राग येतो, कारण त्या तपासणीला वीस मिनिटं आणि थेंबभर औषध लागतं.

एकच ट्यूब, दोन डोकी

आईच्या पिशवीत एक ट्यूब निघाली. मेडिकलच्या दुकानातून 'चट्ट्याची' म्हणून आणलेली. मागची बारीक अक्षरं वाचली: क्लोबेटासोल, निओमायसिन, मायकोनॅझोल. म्हणजे एक जबरदस्त स्टेरॉइड, एक अँटिबायोटिक, एक बुरशीचं औषध, तिन्ही एकत्र. दिवाळीनंतर मुलाच्या डोक्यात कोंड्याचा चट्टा दिसला तेव्हा ती आणली होती. मुलीला चाई पडली तेव्हा तीच तिलाही लावली.

यातलं बुरशीचं औषध मुलाच्या कामाचं नव्हतं. मलम कातडीवर राहतं, केसाच्या मुळात शिरत नाही, आणि बुरशी तर मुळात बसलेली. स्टेरॉइडनं तेवढं केलं की लाली आणि खाज दबली. चट्टा शांत दिसू लागला, आईला वाटलं बरं होतंय, आणि खाली बुरशीला मोकळं रान मिळालं. दिवाळी ते माघ, तीन महिने असेच गेले. मुलीचं उलटं. तिच्या आजारात मुळाभोवतीची सूज दाबायला स्टेरॉइडच लागतं, पण ते योग्य जागी, मोजून. बोटानं थापून आठवड्यातून दोनदा लावलेल्या ट्यूबनं तिचं भलं झालं नाही, मोठं नुकसानही झालं नाही. जे औषध एका पोराचा रोग वाढवतं त्याच जातीचं औषध मी त्याच टेबलावर दुसरीला देणार होते. हे आईला पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

लसणाबद्दलही बोलायला हवं. चाईवर लसूण, कांदा, गुंज, बिब्बा घासायची चाल जुनी आहे आणि तिच्यामागे निरीक्षण आहे. कातडीला मुद्दाम थोडा दाह दिला की काही वेळा केस जागे होतात. त्वचारोगाच्या मोठ्या दवाखान्यांत आजही मोजून-मापून रसायन लावून हेच करतात. फरक मापाचा आहे. बिब्ब्याच्या तेलाचा एक थेंब किती जाळेल हे कोणालाच सांगता येत नाही. बिब्ब्यानं डोळे सुजून बंद झालेली मुलं मी पाहिली आहेत, कपाळावर कायमचे डाग राहिलेली पाहिली आहेत. या मुलीच्या बाबतीत आजीनं बिब्बा काढला होता, आईनं अडवलं. त्या आईचं हे श्रेय लिहून ठेवायला हवं.

आजीचा प्रश्न

दुसऱ्या भेटीला आजी सोबत आल्या. सगळं बोलून झाल्यावर सून बाहेर गेली तशी त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "बाई, खरं सांग. म्हारोग त नाई ना हा?"

त्यांच्या लहानपणी गावातल्या एका माणसाला बैलगाडीतून वर्ध्याजवळच्या दत्तपूरच्या कुष्ठधामात नेऊन सोडलं होतं. तो परत आला नाही. ताट वेगळं करायचं ते आजींनीच सुचवलं होतं, आणि त्यामागे बुलढाणाही नव्हता, चाईही नव्हती. सत्तर वर्षांपूर्वीची ती गाडी होती.

त्यांना सविस्तर सांगितलं. कुष्ठरोगाच्या जंतूला अंगाच्या थंड जागा आवडतात. डोकं केसांखाली उबदार असतं, त्यामुळे कुष्ठरोगात डोक्याचे केस सहसा जात नाहीत. जातात त्या भुवया, बाहेरच्या टोकाकडून. आणि त्यात चट्ट्यावर स्पर्श कळत नाही. मी कापसाची वात करून मुलीच्या चट्ट्याला लावली, डोळे मिटून तिनं प्रत्येक वेळी बरोबर "लागलं" म्हटलं. आजींनी वात माझ्या हातून घेतली आणि स्वतः लावून पाहिली. तेव्हा त्यांचा चेहरा सैल झाला. कुष्ठरोगही आज सरकारी दवाखान्यात फुकट गोळ्यांनी बरा होतो, हेही मी सांगितलं. ते त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे.

त्याच वेळी मी आजींचंही डोकं तपासलं. मोठ्या माणसांच्या डोक्यातल्या तेलकटपणामुळे ही बुरशी त्यांना सहसा धरत नाही, पण पाळी गेलेल्या बायकांना ती होऊ शकते, आणि नातू त्यांच्याच कुशीत झोपत होता. डोकं स्वच्छ होतं.

बाकी शक्यता मनात होत्या, पण फार वेळ टिकल्या नाहीत. काही मुली परीक्षेच्या किंवा घरातल्या ताणात नकळत स्वतःचे केस उपटतात. त्यात चट्ट्यावर वेगवेगळ्या लांबीचे तुटके केस असतात, इथे नव्हते. घट्ट वेण्यांनी केस जातात ते कपाळ-कानाच्या रेषेला. ल्यूपससारख्या आजारात चट्ट्याची कातडी पांढुरकी, चिकटलेली, व्रणासारखी होते. सेलेनियमबद्दल आईला एवढंच सांगितलं: तिथे एका गावात एकाच आठवड्यात कितीतरी माणसांची अख्खी डोकी गेली. तुमच्या घरात तोच गहू सहा जणांनी खाल्ला, चट्टे दोघांना, तेही दोन महिन्यांच्या अंतरानं, आणि दोघांचे दोन तऱ्हेचे. गहू परत घरात आणायला हरकत नाही.

पुढे काय झालं

मुलाचं वजन 22 किलो. टर्बिनाफिनची 250 ची अर्धी गोळी रोज, सहा आठवडे. घरातल्या सगळ्यांनी आठवड्यातून दोनदा किटोकोनॅझोलच्या शॅम्पूनं डोकं धुवायचं, म्हणजे केसांवर बसलेले बीजाणू कमी होतील. टोपी आणि उशीची खोळ उकळत्या पाण्यात, फण्या प्रत्येकाच्या वेगळ्या. गोळ्या सुरू झाल्यावर त्याला शाळेत जायला मनाई नव्हती, फक्त टोपीची देवाणघेवाण बंद.

सहाव्या दिवशी आशाताईंचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. मुलाच्या कानामागे, मानेवर, पाठीवर बारीक खाजऱ्या पुळ्या. गोळीची उष्णता झाली म्हणून आईनं गोळी थांबवली होती. केरियनमध्ये हे अनेकदा होतं. औषधानं बुरशी मरू लागते, तिच्या अंशांवर शरीर उसळतं आणि अंगावर अशी पुरळ उठते. ती औषधाची ॲलर्जी नव्हे, बुरशीवरची शरीराची प्रतिक्रिया असते, पण दिसायला अगदी ॲलर्जीसारखी. पहिल्याच दिवशी हे आईला सांगून ठेवायला हवं होतं, मी सांगितलं नव्हतं. चार दिवस वाया गेले. तेव्हापासून केरियनच्या प्रत्येक चिठ्ठीवर मी हे मराठीत लिहून देते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला कळवलं. त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीची मुलं पाहिली तेव्हा आणखी दोघांच्या डोक्यात तेच काळे ठिपके निघाले. ना पू, ना सूज, फक्त थोडा कोंडा, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. दोघांवर वेळेत उपचार झाले, कोणाला चिरा द्यावा लागला नाही. गावात बाजाराच्या दिवशी येणाऱ्या, केस कापणाऱ्या कारागिराशी आशाताई बोलल्या. त्यानं राग मानला नाही, मशीनचं पातं दर गिऱ्हाइकानंतर धुऊन पुसायला लागला.

मुलीला शाळेसाठी रुग्णालयाच्या कागदावर तीन ओळी लिहून दिल्या: हा आजार संसर्गजन्य नाही, शाळेत बसू द्यावे, ओढणी किंवा रुमाल बांधू द्यावा. त्या सोमवारी ती गेली. चट्ट्यांत ट्रायअ‍ॅमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली, 5 मिलिग्रॅम प्रतिमिली, बारीक सुईनं, पाच आठवड्यांच्या अंतरानं तीनदा. दुसऱ्या खेपेला मागच्या चट्ट्यावर पांढरी लव आली. ती घाबरली, म्हातारी होते की काय म्हणून. परत येणारा केस आधी बिनरंगाचाच येतो, रंग मागून भरतो. मे महिन्यापर्यंत दोन चट्टे काळे झाले होते. जुलैत, दहावीत गेल्यावर, डाव्या कानाच्या वर एक नवा चट्टा पडला. हा आजार असाच येतो-जातो, आणि पुढच्या वेळी कधी, हे मी तिला सांगू शकत नाही. या वेळी ती ओढणी न घेता आली होती आणि चट्टा तिनंच बोट ठेवून दाखवला.

मुलाचे केस एप्रिलपासून भरून आले. काळे ठिपके गेले, मानेच्या गाठी विरल्या. शेंडीच्या जागी जिथे चिरा दिला होता तिथे चिंचोक्याएवढा चकचकीत व्रण राहिला. भिंगातून पाहिलं तर केसांची तोंडंच दिसत नाहीत. आईनं विचारलं, इथं येतील का? नाही येणार, मी म्हटलं. तिनं बोटाला थोडं तेल घेतलं आणि बाजूचे केस त्यावर वळवून बसवले.